बेटावरची सहल आणि परतीचे विमान



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे आजचा विषय छापून आला तेव्हा पुष्कळांना वाटले की छापखान्यात काहीतरी गफलत झाली. युनियनचा माणूस बोलला तर बोनसवर बोलेल, कंत्राटी कामगारांवर बोलेल. हा गृहस्थ समुद्राच्या तळाशी कशाला निघाला? दोघांनी मला रस्त्यात थांबवून तसे विचारलेही. त्यांना मी एवढेच म्हणालो की, कामगार जेथे जातो तेथे त्याच्या मागून जाणे हा माझा धंदा आहे, आणि हल्ली कामगार समुद्राच्या तळाशी जाऊ लागला आहे.

ही थट्टा नव्हे. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा, हे प्रमाण १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आपल्या पदरात टाकले आणि २०२० च्या नव्या संहितेतही ते तसेच राहिले. त्या रजेचे करायचे काय? माझ्या वडिलांच्या पिढीने ती रजा गावी जाऊन भातलावणीत घालवली. आमच्या पिढीने ती लग्नकार्यांत आणि आजारपणांत घालवली. आताचा तरुण कामगार बायकामुलांना घेऊन अंदमानला जातो, मालवणला जातो, पाठीवर हवेची टाकी बांधतो आणि पाण्याखाली मासे पाहतो. मला यात काही गैर दिसत नाही. मालकाच्या पोराने समुद्र पाहावा आणि कामगाराच्या पोराने तो चित्रातच पाहावा, असा कोठे नियम नाही. माझे म्हणणे एवढेच की, ही सहल आखण्याची एक रीत आहे, आणि ती रीत पाळली नाही तर हौसेची किंमत फार मोठी पडते.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटात आणि पनवेलच्या वाचनालयात झाले. तेव्हा मी आज सांगणार आहे ते पाणबुड्याचे ज्ञान नव्हे. ते वाचून, विचारून आणि कागद तपासून मिळवलेले ज्ञान आहे. कागद तपासण्याची मात्र मला सवय आहे.

असाच एक कागद माझ्यापुढे आला. आमच्या भागातल्या एका कारखान्यातील काही कामगारांनी अंदमानची सहल ठरवली होती; बायकामुले धरून २८ माणसे. पैसे दोन वर्षे साठवलेले. सहलीच्या दलालाने सात दिवसांचा आराखडा छापून दिला होता आणि तो घेऊन एकजण माझ्याकडे आला. "भाऊ, तुम्ही करार वाचता, हाही जरा वाचा. पैशात कोठे फसवलेले नाही ना, ते बघा." पैशात फसवणूक नव्हती. पण शेवटच्या दिवसाच्या ओळी वाचून मी थांबलो. पहाटे साडेसहाला स्कूबा डायव्हिंग, नऊला पोर्ट ब्लेअरची बोट, दुपारी दीडला परतीचे विमान. पाण्यातून वर आल्यापासून विमान उडेपर्यंत जेमतेम सहा तास.

यात वावगे काय, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. ते समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान पाहावे लागेल. मी ते सोपे करून सांगतो.

आपल्या अंगावर हवेचा दाब असतो, तो आपल्याला जाणवत नाही. पाण्यात १० मीटर खाली गेले की तेवढाच दाब आणखी एकदा अंगावर चढतो. २० मीटरवर तिप्पट होतो. हा वाढीव दाब सर्वांत आधी कानाला कळतो. म्हणून खाली जाताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे लागते, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. सर्दी झालेल्या माणसाला ते जमत नाही. जोर करून जमवू पाहील तर पडदा फाटेल. सर्दी असेल त्या दिवशी डुबी रद्द, यात घासाघीस नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. टाकीत प्राणवायू भरलेला असतो असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. टाकीत असते ती साधी, कोरडी, दाबून भरलेली हवा. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच गृहस्थांनी असे यंत्र सिद्ध केले की जे पाणबुड्याला तो असेल त्या खोलीच्या दाबाने हवा पुरवते. म्हणजे १० मीटरवर आपण छातीत दुप्पट हवा भरून घेतो. आता तेथून घाबरून, श्वास कोंडून एकदम वर आलो तर ती हवा फुगणार, आणि फुप्फुस फाटणार. त्यासाठी फार खोल जावे लागत नाही. दोन-तीन मीटरही पुरतात. म्हणून पाण्याखालचा पहिला नियम असा की, श्वास कधीही रोखायचा नाही. पोहायला शिकताना आपण याच्या नेमके उलटे शिकलेलो असतो, हे ध्यानात ठेवा. चांगला पोहणारा माणूसच पुष्कळदा येथे चुकतो.

तिसरी गोष्ट नत्रवायूची, आणि आजच्या व्याख्यानाचे मर्म तीत आहे. हवेत सुमारे पाऊण हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, नत्रवायू असतो. एरवी तो छातीत येतो आणि जातो. दाबाखाली मात्र तो रक्तात आणि मांसात विरघळत राहतो. जितके खोल आणि जितका वेळ, तितका अधिक. आपण लहानपणी गोटी सोडा प्यायलो आहोत. गोटी जागेवर असते तोवर बाटलीत एक बुडबुडा दिसत नाही. अंगठ्याने गोटी आत दाबली की बाटली फसफसून उठते. वायू आधीपासून पाण्यात होताच. दाब गेला तसा तो बाहेर पडला. पाणबुडा भरभर वर आला तर त्याच्या रक्ताचे, सांध्यांचे, मज्जारज्जूचे असेच होऊ शकते. हळूहळू वर आला तर तोच वायू श्वासावाटे निमूटपणे निघून जातो. पण तो सगळा निघायला कित्येक तास लागतात. आणि विमानात? विमान उंच गेले म्हणजे आतली हवा समुद्रकाठच्या दाबाची राहत नाही. सुमारे २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावी तशी ती विरळ होऊ शकते. समुद्रातून आलेल्या माणसाला त्या विमानात बसवणे म्हणजे अर्धवट दाबलेली गोटी पुन्हा आणखी दाबणे होय.

मंडळी, हे ज्ञान कोठून आले ते मी शोधू लागलो आणि मला माझीच माणसे भेटली. हे ज्ञान हौशी पाणबुड्यांनी मिळवलेले नाही. ते पुलांच्या पायात काम करणाऱ्या मजुरांच्या अंगावर मिळालेले आहे.

अमेरिकेत मिसिसिपी नदीवर सेंट लुईस येथे १८७०-७१ साली ईड्स पुलाचे पाये घालत होते. पद्धत अशी: बुडाशी उघडी असलेली एक प्रचंड पेटी नदीच्या तळावर टेकवायची, तीत वरून दाबाची हवा भरायची म्हणजे पाणी आत येत नाही, आणि त्या पेटीत उतरून मजुरांनी तळ खणायचा. या पेटीला केसन म्हणत. पेटी जसजशी खोल गेली तसतसा आतला दाब वाढला. मजूर पाळी संपवून वर येत, घरी निघत, आणि वाटेतच सांध्यांच्या कळांनी वाकडे होत. कोणाचे पाय जात, कोणाचे लघवीवरचे नियंत्रण जाई. त्या काळी प्रतिष्ठित स्त्रियांत कमरेत पुढे वाकून चालण्याची एक फॅशन होती. मजुरांनी आपल्या वाकलेल्या सोबत्यांना त्या फॅशनचे नाव दिले, आणि इंग्रजीत या आजाराला आजही 'बेंड्स' म्हणतात. मरणाच्या दारातही थट्टा करण्याची ही रीत आपल्या गिरण्यांतही होती. कोनच्या नव्या इमारतींत राहायला आलेल्या जुन्या मंडळींना ती ठाऊक आहे. त्या एका पुलाने डझनाहून अधिक मजुरांचे प्राण घेतले.

पाठोपाठ न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल. तेथे १८७२ च्या पहिल्या पाच महिन्यांत शंभरावर मजूर या रोगाने आजारी पडले. कंपनीचे डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी त्याला 'केसन रोग' हे नाव दिले. पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाही त्याच पेटीत उतरत असे. तोही कायमचा जायबंदी झाला आणि पुढचे काम त्याची पत्नी एमिली हिने त्याच्या वतीने पाहिले. मे महिन्यात पेटीतल्या मजुरांनी संप केला. मागणी होती चार तासांच्या पाळीला तीन डॉलर. हा संप फार दिवस टिकला नाही, पण त्याच महिन्यात रोबलिंगने खडक लागेपर्यंत खणण्याचा हट्ट सोडला आणि सुमारे २४ मीटरवर वाळूतच पाया थांबवला. पूल आजही उभा आहे. म्हणजे आणखी माणसे मारण्याची तशी गरज नव्हतीच.

याच शहरात १८८९ च्या सुमारास हडसन नदीखाली बोगदा खणताना अर्नेस्ट मॉयर या अभियंत्याला आढळले की ४५-५० मजुरांपैकी महिन्याला एक मरतो आहे. त्याने कामाच्या जागी लोखंडाची एक दाब-खोली बसवली. आजारी मजुराला तीत ठेवायचे, पुन्हा दाब चढवायचा आणि अगदी सावकाश उतरवायचा. पुढच्या सव्वा वर्षात १२० माणसांपैकी फक्त दोन गेली. आज जगातल्या कोणत्याही पाणबुड्यावर याच तत्त्वाचा इलाज होतो.

मग आले स्कॉटलंडचे जॉन स्कॉट हॉल्डेन. खाणीतल्या विषारी वायूंवर या माणसाने आयुष्यभर काम केले. बोकडांना दाब-खोलीत ठेवून त्यांनी हिशेब मांडला की दाब एकदम निम्म्यावर आणला तर शरीर सहसा सोसते, त्यापुढे मात्र थांबत थांबत यावे लागते. १९०८ साली त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी खोली, वेळ आणि थांबे यांची कोष्टके छापली. आज डायव्हर मनगटावर जे घड्याळासारखे यंत्र बांधतो त्याच्या पोटातील गणित या कोष्टकांच्याच वंशातले आहे.

हॉल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांची हकीकत मला येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात 'थेटिस' नावाची नवी पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली आणि ९९ माणसे गुदमरून मेली. त्यात गोदीचे कामगार पुष्कळ होते. चौकशीत आपली बाजू मांडण्यासाठी यंत्रकामगारांच्या आणि वीजकामगारांच्या युनियनांनी हॉल्डेनना बोलावले. आणि या प्राध्यापकाने काय केले? स्वतः दाब-खोलीत शिरून, विषारी झालेल्या हवेत माणसाचे काय होते ते आपल्या अंगावर पाहिले. पुढच्या वर्षांतही हे प्रयोग चालू राहिले. त्यांत त्यांच्या कानाचा पडदा फाटला आणि मणक्याला इजा झाली. हेच हॉल्डेन १९५७ साली कायमचे भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. युनियनने पुकारावे आणि विद्वानाने आपले अंग पुढे करावे, असे उदाहरण मी दुसरे वाचलेले नाही.

विषय सुटला असे समजू नका. मी त्या दलालापुढे बसलो तेव्हा हे सारे माझ्या डोक्यात होते. तो म्हणाला, "अहो, सगळे असेच करतात, आजवर कोणाला काही झाले नाही." हे वाक्य मी तीस वर्षे निरनिराळ्या टेबलांपलीकडून ऐकत आलो आहे. मी त्याच्यापुढे नियम ठेवला. पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या वैद्यकीय तज्ज्ञांनी २००२ साली अमेरिकेत एकत्र बसून तो ठरवला आहे: थांबा घेण्याची गरज न पडणारी एकच डुबी मारली असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास, एकाहून अधिक डुब्या किंवा लागोपाठ दिवस असतील तर किमान १८ तास, आणि थांबे घ्यावे लागतील इतकी खोल डुबी असेल तर १८ तासांहून बरेच अधिक. पुष्कळ जाणते डायव्हर सरसकट २४ तास पाळतात. मीही तुम्हांला तेच सांगेन. आपण हौशी माणसे. आपल्याला काठावरचा हिशेब कशाला?

तेव्हा बेटावरची सहल आखावयाची ती शेवटाकडून. प्रथम परतीच्या विमानाची वेळ कागदाच्या तळाशी लिहा. तेथून २४ तास मागे या आणि एक रेघ ओढा. त्या रेघेच्या खाली डुबी नाही. पोहा, किनाऱ्यावर बसा, शहाळी प्या, बाजारहाट करा. मग रेघेच्या वर किती दिवस उरतात ते पाहा आणि डुबी त्यातल्या शेवटच्या दिवशी न ठेवता पहिल्या सोयीच्या दिवशी ठेवा. कारण समुद्र आपल्या वेळापत्रकावर नसतो. वारा सुटला, पाणी गढूळ झाले, कोणाला सर्दी झाली, तर पुढे ढकलायला एखादा दिवस हाताशी लागतो. ज्याच्या हाताशी दिवस नसतो तो सर्दी अंगावर घेऊन उतरतो. गड्यांनो, येथे अपघात समुद्रामुळे कमी होतात आणि 'पैसे भरले आहेत, वाया कसे घालवू' या विचारामुळे जास्त होतात असे माझे मत आहे.

अंदमानपुरते सांगायचे तर हंगाम साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा. मे ते सप्टेंबर आपल्यासारखाच नैर्ऋत्येचा पाऊस, आणि पुढे ईशान्येच्या वाऱ्याच्याही सरी येतात. बेटे फार पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलेच, म्हणून हिवाळ्यात पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि सायंकाळी सव्वापाच-साडेपाचला अंधारते. मुंबईच्या सवयीने आठला उठणारा माणूस निम्मा दिवस झोपेत घालवतो. पोर्ट ब्लेअर, ज्याला २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात, तेथे पहिल्या दिवशी उतरून सेल्युलर जेल पाहावे. १९०६ साली पुरी झालेली ती इमारत आणि तिच्या कोठड्या पाहिल्याशिवाय मराठी माणूस परत येत नाही, आणि येऊही नये. सावरकरांची कोठडी सारेच पाहतात, तेथेच १९३७ साली राजबंद्यांनी केलेल्या उपोषणाचीही आठवण ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक. २०१८ च्या डिसेंबरात त्याचे नाव स्वराज द्वीप झाले. बोटीला दीड ते अडीच तास लागतात. त्या दिवशी पाण्यात उतरण्याची घाई करू नये. डायव्हिंगच्या केंद्रावर जावे, माणसे पाहावीत, अर्ज भरावा, भरपूर पाणी प्यावे, दारूला शिवू नये आणि लवकर झोपावे. तिसऱ्या दिवशी सकाळी डुबी. चौथा दिवस हाताशी राखलेला. पाचव्या दिवशी नील, म्हणजे शहीद द्वीप. सहाव्या दिवशी परत पोर्ट ब्लेअर, सातव्या दिवशी विमान. दलालाने शेवटी हाच आराखडा मान्य केला. खर्च एक पैसाही वाढला नाही, फक्त ओळी खालीवर झाल्या. मी मात्र तो त्याच्याकडून सहीशिक्क्यानिशी लिहून घेतला.

ज्यांनी कधी डुबी मारली नाही त्यांनी कोणती निवडावी? दोन वाटा आहेत. एक चाखून पाहण्याची: प्रशिक्षक हात धरून नेतो, मर्यादा १२ मीटरची, वय किमान १० वर्षे, पोहता आलेच पाहिजे असे नाही. दुसरी रीतसर शिकण्याची: तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम, २०० मीटर पोहून दाखवावे लागते, दहा मिनिटे तरंगावे लागते, आणि मग १८ मीटरपर्यंत जाण्याचे प्रमाणपत्र मिळते. सात दिवसांच्या रजेत दुसरी वाट धरायची तर बाकीची बेटे सोडावी लागतील. दोन्ही साधू नयेत. पाण्यातून वर येताना मिनिटाला ९ मीटरहून वेग नको, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याचा प्रघात आहे. प्रशिक्षक थांबवील तेव्हा थांबायचे, खुणा करून वाद घालायचा नाही. मिशा राखणाऱ्यांना एक सूचना: मुखवटा मिशीवर नीट बसत नाही, आत पाणी झिरपते. काहींना हे मिशी उतरवण्याइतके महत्त्वाचे वाटत नाही. त्यांनी थोडे खारे पाणी सोसावे.

आता आरोग्याच्या अर्जाविषयी, आणि येथे मी जरा कडक बोलणार आहे. डुबीपूर्वी एक छापील अर्ज देतात. त्यात विचारलेले असते: दमा आहे का, हृदयाचा विकार, रक्तदाब, मधुमेह, फिट्स, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, गर्भारपण. अर्ज बहुधा इंग्रजीत असतो, मागे रांग असते, आणि आपला माणूस सगळीकडे 'नाही' लिहून सही ठोकतो. आमच्या तळोजे-रसायनीच्या पट्ट्यातला कामगार वीस-वीस वर्षे वाफांत आणि धुळीत उभा राहिलेला असतो. त्याची छाती कशी आहे हे त्याला ठाऊक नसते. ज्या सांकडीत फुप्फुसातली हवा अडकते तीच वर येताना फाटते. तेव्हा पन्नाशीकडे झुकलेल्यांनी, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि अशा खात्यांत काम केलेल्यांनी घरून निघण्यापूर्वी डॉक्टरला छाती दाखवावी. नकार आला तर त्यात कमीपणा नाही. पृष्ठभागावर तरंगत नळीने श्वास घेऊन खालचे प्रवाळ पाहता येतात. त्यातही आनंद पुष्कळ आहे आणि विमानाचा प्रश्नही येत नाही. आमच्या २८ पैकी ११ जणांनी तेच केले.

अंदमान ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आपले मालवण आहे. कोनला २०१६ च्या सोडतीत ज्या गिरणी कामगारांना घरे लागली त्यांतल्या कित्येकांचे गाव त्याच जिल्ह्यात आहे; ते माझ्यापेक्षा अधिक जाणतात. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली त्याच्याच अवतीभोवतीच्या उथळ पाण्यात डुब्या मारतात. १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाचे प्रशिक्षण केंद्रही आहे. पाणी हिवाळ्यात स्वच्छ, पावसाळ्यात बंद. पण उथळ पाणी म्हणजे धोका नाही असे समजू नका. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची नाव उलटली आणि दोघे दगावले. डुबी नीट झाली होती. घात नावेने केला. म्हणून नावेत पाय ठेवताना माणसे मोजा, आणि जाकीट अंगात घातल्याशिवाय ती किनारा सोडणार नाही असा आग्रह धरा. आणखी एक स्थानिक गोष्ट: मालवणहून कोल्हापूरकडे किंवा आंबोलीकडे जायचे म्हणजे घाट चढावा लागतो, आणि आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे. चार-सहा मीटरच्या डुबीला त्याची फिकीर नको. पण जे प्रमाणपत्रवाले खोल जाऊन आले असतील त्यांनी त्याच दुपारी घाट चढू नये. तोही एक प्रकारचा विमानप्रवासच आहे.

केंद्रावर गेल्यावर काय विचारावे? प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मागा. नावेवर शुद्ध प्राणवायूची टाकी आहे का ते पाहा, कारण केसन रोगावर पहिला उपचार तोच. जवळची दाब-खोली कोठे आहे आणि तेथे न्यायला किती वेळ लागेल हे विचारा. मुंबईत नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात ती विद्या जाणणारे डॉक्टर आहेत. विमा उतरवला असेल तर पाण्याखालच्या अपघाताला तो लागू आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. डुबीनंतर सांधे दुखले, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले, विलक्षण थकवा वाटला, तर 'झोपलो की बरे वाटेल' असे म्हणू नका.

आणि एक प्रश्न कोणीच विचारत नाही, तो मी आमच्या मंडळींना विचारायला सांगितला: "भाऊ, आज तुमची ही कितवी डुबी?" जो तुम्हांला हात धरून नेतो तो पाण्याखालचा कामगार आहे. तुम्ही एकदा खाली जाता. तो हंगामात सकाळपासून पुन्हा पुन्हा खाली-वर करतो, आणि नत्रवायू त्याच्या अंगातही साठतो. तो बहुधा मच्छिमाराचा किंवा त्या बेटावर १९५० नंतर वसवलेल्या बंगाली निर्वासिताचा पोर असतो. त्याला रोज मिळतो तो डुबीमागे की महिन्यामागे? त्याचा विमा आहे का? आजारी पडला तर त्या दिवसाचे पैसे मिळतात का? डुबीमागे पैसे मिळणारा माणूस सर्दी झाली तरी उतरणार, हे पिसरेटवर काम केलेल्या प्रत्येकाला कळते. तुमचा जीव ज्याच्या हाती आहे तो थकलेला नसावा यात तुमचाही स्वार्थ आहे. हा प्रश्न ऐकून एका तरुण प्रशिक्षकाने आमच्या माणसाकडे चमकून पाहिले, हसला, आणि म्हणाला, "तिसरी. चौथी दुसरा नेईल." त्या केंद्राची शिफारस मी पुढच्या दोन गटांना केली.

प्रवाळांविषयी थोडेच सांगतो. ते दगड नव्हेत, जिवंत प्राण्यांच्या वसाहती आहेत. पाणी नेहमीपेक्षा तापले की पांढरे पडतात. २०१० साली अंदमानात फार मोठ्या प्रमाणावर पडले होते. त्यांवर उभे राहू नये, तुकडा आणू नये. आणला तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा आवरतो. त्या आरोग्याच्या अर्जातील प्रश्नांचा मी आमच्या कचेरीतल्या मुलांकडून मराठी तर्जुमा करून घेतला आहे. त्याच्या शंभर प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. मे महिन्यात मालवणला जाणारे कोणी असतील तर त्यांनी एक प्रत घरी न्यावी, प्रत्येक प्रश्नापुढे खरे उत्तर लिहावे, आणि एका ठिकाणी जरी 'होय' आले तरी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. आता ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी विचारावे.